जिवाची बाजू म्हणजे नेमकी कुणाची?

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरवर जा, दारातच पाटी दिसते. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ अशाच एका पाटीखालच्या बाकड्यावर मागे एकदा मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीसोबत बसले होते. मुलगी म्हणायचं ते माझ्या वयाच्या मानाने. तशी ती दोन लेकरांची आई. धाकटं अजून अंगावर पीत होतं आणि तांबी बसवलेली असूनही तिला पुन्हा दिवस गेले होते. ‘आता नको, मला झेपणार नाही,’ हे तिचं स्वतःचं म्हणणं होतं.

शेजारी बसलेल्या एक मावशी कान देऊन ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, “अगं, पण आता बंदी आहे ना खाली करायला? ती पाटी बघ की. जेल होते म्हणे.” पोरीचा चेहराच उतरला. आत गेलो तर टेबलामागच्या बाईंनी वर न बघताच विचारलं, “मालक कुठायत? त्यांची सही लागेल. सासूबाईंना सांगितलंय का?” पाच मिनिटांत मालक, सासूबाई, पोलीस, पाप, सगळ्यांची आठवण निघाली. जिच्या पोटात गर्भ होता, तिला मात्र “तुझं काय म्हणणं आहे गं?” असं कुणी एकदाही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवशी घरी येताना मला राहून राहून बेळगावची सविता आठवत होती. बाईचं म्हणणं न ऐकण्याची किंमत केवढी मोठी असू शकते, हे साऱ्या जगाला तिच्यामुळे कळलं.

सविता हलप्पनवार. बेळगावात वाढलेली, शिकून दंतवैद्य झालेली, नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात संसार थाटलेली. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये ती ३१ वर्षांची होती. पहिलंच बाळंतपण, सतरावा आठवडा. हे मूल तिला हवं होतं, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवी. गर्भपात करून घेणारी बाई म्हणजे मुलाला नकोशी मानणारी, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. सविताचं तसं काहीच नव्हतं.

२१ ऑक्टोबरला तिची पाठ भयंकर दुखायला लागली म्हणून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गर्भ टिकणार नाही. त्याच रात्री पाणमोट फुटली. आता मूल वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं, नवऱ्याला कळलं होतं, तिलाही कळलं होतं. मनावर दगड ठेवून मंगळवारी, २३ तारखेला तिने विनंती केली, की मूल जाणारच असेल तर मला यातून मोकळं करा. उत्तर मिळालं, गर्भाच्या हृदयाचे ठोके अजून चालू आहेत, तुमच्या जिवाला आत्ता धोका दिसत नाही, त्यामुळे इथल्या कायद्यात हे बसत नाही. आमच्याकडे भारतात करतात, असं ती म्हणाली, तेव्हा प्रसूती विभागातल्या एका परिचारिकेने तिला हा कॅथलिक देश असल्याचं कारण सांगितलं. पुढे चौकशीत त्या परिचारिकेने ते कबूलही केलं.

दिवसातून कितीदा तरी ठोके ऐकले जात होते. ते चालू होते. बुधवारी मात्र सविताच्या रक्तात जंतू पसरल्याचं स्पष्ट झालं. त्याच दुपारी गर्भ गेला. तिला अतिदक्षता विभागात हलवलं, एकेक अवयव निकामी होत गेला आणि २८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर सविताही गेली. जे मूल वाचणारच नव्हतं, त्याच्या ठोक्यांची वाट बघता बघता, जी वाचू शकत होती ती आई गेली.

आता हा कायदा काय होता ते पाहू. १९८३ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेतलं आणि सुमारे ६७ टक्के लोकांच्या होकाराने राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली. तिचा मथितार्थ असा, की पोटातल्या गर्भाला जगण्याचा हक्क आहे आणि तो आईच्या जगण्याच्या हक्काइतकाच आहे. वाचायला किती छान वाटतं! दोन्ही जीव सारखे. कुणाला वाटेल, यात वाईट ते काय?

कागदावर काहीच वाईट नाही. पण दवाखान्यात रात्री दोन वाजता पेशंट तापाने फणफणलेली असते, तेव्हा डॉक्टरला कागद कामाला येत नाही. तिथला गर्भपाताविरुद्धचा फौजदारी कायदा होता १८६१ सालचा, इंग्रजांच्या अमलातला, आणि शिक्षा होती जन्मठेपेपर्यंत. घटनेप्रमाणे गर्भपाताला मुभा होती ती फक्त आईचा जीव धोक्यात असेल तरच. तब्येत धोक्यात असेल तर नाही. आता तुम्हीच सांगा, तब्येत बिघडली कुठे संपते आणि जीव धोक्यात कुठे सुरू होतो? ताप १०० असताना तब्येत आणि १०४ झाला की जीव? नुसत्या जंतुसंसर्गात वाट बघायची आणि तो रक्तात भिनला की धावपळ करायची? रक्तात भिनलेलं विष तासांच्या हिशेबात माणूस नेतं. म्हणजे आईची हालत पुरेशी वाईट होईपर्यंत थांबा, असंच त्या गोड वाक्याने डॉक्टरला सांगितलं होतं.

सविताच्या मृत्यूनंतर आयर्लंड हादरलं. तिथल्या प्रो-लाइफ मंडळींनी आपली बाजू मांडली. ती ऐकायला हवी, कारण ती सगळीच खोटी नव्हती. त्यांचं म्हणणं, सविता कायद्याने मेली नाही, हलगर्जीपणाने मेली. आणि हलगर्जीपणा होताच. पहिल्याच दिवशी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या, पण तीन दिवस त्या अहवालाकडे कुणी बघितलं नाही. पाणमोट फुटलेल्या बाईचा ताप, नाडी ठरावीक तासांनी बघायला हवी, तीही बघितली गेली नाही. आरोग्यसेवेच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेने २०१३च्या ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यात तिला वाचवण्याच्या १३ संधी हुकल्याचं म्हटलं आहे.

पण त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या आरोग्य खात्याच्या चौकशी अहवालाने दुसरीही गोष्ट नोंदवली. ठोके थांबेपर्यंत हात लावायचा नाही यावरच सगळ्यांचं लक्ष होतं, आणि आईच्या अंगात काय चाललंय याकडे कमी. डब्लिनचे ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ पीटर बॉयलन यांनी मृत्यूच्या चौकशीत साक्ष दिली, की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भ काढला असता तर ती बहुधा आज जिवंत असती. पण तेव्हा ती पुरेशी आजारी नव्हती, म्हणून कायदा आडवा आला. पुरेशी आजारी झाली तेव्हा वेळ निघून गेली होती. हलगर्जीपणा आणि कायदा, दोघांनी मिळून तिला नेलं.

आता थोडं या ‘प्रो-लाइफ’ शब्दाबद्दल. शब्दशः अर्थ जीवनाच्या बाजूचे. अमेरिकेत १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्याच्या आगेमागे गर्भपाताला विरोध करणारे स्वतःला हे नाव लावू लागले. समोरच्यांनी नाव घेतलं ‘प्रो-चॉइस’, म्हणजे निवडीच्या बाजूचे. नाव मोठं हुशारीचं आहे बघा. एकाने ‘आम्ही जिवाच्या बाजूचे’ म्हटलं, की समोरचा आपोआप मरणाच्या बाजूचा ठरतो! भांडण अर्धं तिथेच जिंकलं.

पण नाव बाजूला ठेवून भावना बघितली तर ती आपल्याला परकी नाही. गर्भ राहिल्या क्षणापासून तो माणसाचा जीव आहे, तो बोलू शकत नाही म्हणून कुणीतरी त्याच्यासाठी बोलायला हवं, असं त्यांना मनापासून वाटतं. आपल्याकडेही भ्रूणहत्या महापापांत मोजली गेली. आपल्या आज्या ‘आलाय जीव तर येऊ दे, चोच देतो तो चाराही देतो’ म्हणायच्याच की. ज्या बाईचं हवं असलेलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलंय, तिला ‘तो नुसता मांसाचा गोळा होता’ असं सांगून बघा. तिला ते सहन होणार नाही. गर्भ म्हणजे काहीच नाही, असं म्हणणं मला तरी जमत नाही. म्हणून या लोकांना वेडं ठरवून मोकळं होता येत नाही.

यातली काही माणसं आपल्या शब्दाला जागणारीही होती. मदर तेरेसा गर्भपाताच्या कट्टर विरोधक. १९७९ साली नोबेल पारितोषिक घेताना, शांततेचा सगळ्यात मोठा विध्वंस गर्भपाताने होतो, असं त्यांनी साऱ्या जगासमोर सांगितलं. त्यांचं मत मला पटत नाही. पण नको असलेलं मूल आम्हाला द्या, असंही त्या म्हणायच्या आणि ती मुलं खरोखर सांभाळायच्या. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचं. आयर्लंडने घटना बदलली त्याच वर्षी, १९८३च्या डिसेंबरमध्ये, त्यांनी आपल्याच लोकांना एका व्याख्यानात सुनावलं, की जिवाच्या बाजूचे असाल तर सगळीकडे असा. पोटातल्या जिवासाठी रडायचं आणि युद्धाला, फाशीला टाळ्या वाजवायच्या, उपाशी माणसाकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही. जिवाचा कैवार हे एकसंध वस्त्र आहे, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सोयीचा तेवढा काठ ठेवून पदर फाडता येत नाही.

हीच कसोटी आयर्लंडला लावून बघूया. गर्भासाठी एवढा जीव टाकणाऱ्या त्या देशाने जन्मलेल्या जिवांचं काय केलं?

१९३५ ते १९७९ तिथे संततिनियमनाची साधनं विकायलाच बंदी होती. म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून काही करायचं नाही आणि राहिले तर त्यातून सुटकाही नाही. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना घरातून काढून जोगिणी चालवत असलेल्या आश्रमांत पाठवलं जायचं. त्यातला एक आश्रम गॉलवे परगण्यातच, ट्युअम नावाच्या छोट्या गावात होता. १९२५ ते १९६१ पर्यंत चालला. त्याच भागात राहणाऱ्या कॅथरिन कॉरलेस या हौशी इतिहास अभ्यासक बाईंनी चिकाटीने मृत्यूच्या नोंदी जमवल्या. त्या आश्रमात दगावलेल्या ७९६ मुलांची नावं निघाली. पण ती पुरली कुठे याची नोंद नव्हती. २०१७ मध्ये सरकारी आयोगाने सांगितलं, की तिथे जमिनीखालच्या, सांडपाण्याच्या व्यवस्थेतल्या कप्प्यांत लहान मुलांचे अवशेष आहेत. २०२१च्या अंतिम अहवालात अशा १८ संस्थांमध्ये मिळून सुमारे ९००० मुलं दगावल्याचं नमूद झालं. सरकारने माफी मागितली. २०२५च्या उन्हाळ्यात ट्युअमला ते अवशेष बाहेर काढायचं काम सुरू झालं.

वाचताना अंगावर काटा येतो. पोटात असेपर्यंत तो पवित्र जीव, आणि बाहेर आला की पापाची खूण. ज्या परगण्यात त्या लेकरांना धड माती मिळाली नाही, त्याच परगण्यातल्या मोठ्या इस्पितळात सविताला ठोके थांबेपर्यंत थांबायला सांगितलं गेलं. दोन्ही वेळा आईला विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही.

बंदी घालून गर्भपात तरी थांबले होते का? नाही. बायका बोटीत किंवा विमानात बसून इंग्लंडला जायच्या. १९८० ते २०१६ या काळात दीड लाखांहून जास्त जणी अशा गेल्या. गुपचूप, कर्ज काढून, खोटं बोलून. ज्यांच्याकडे पैसा नाही, परदेशी असल्यामुळे ज्यांना व्हिसाची अडचण आहे, किंवा सविताप्रमाणे ज्या पलंगावरून उठूच शकत नाहीत, त्या अडकायच्या. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. कडक नियम सगळ्यांसाठी असतो, पण त्याखाली चेंगरते ती गरजू बाईच.

सविताच्या मृत्यूनंतर हे गप्प राहणं संपलं. २०१३ मध्ये आईचा जीव धोक्यात असताना गर्भपात करता येईल असा कायदा झाला, पण तो अपुरा होता. शेवटी २५ मे २०१८ रोजी आठवी दुरुस्ती रद्द करायची का, यावर पुन्हा सार्वमत झालं. त्याआधी सविताच्या आई-वडिलांनी बेळगावातून आयरिश जनतेला आवाहन केलं होतं, की आमच्या लेकीची आठवण ठेवा आणि होकार द्या. परदेशी गेलेली तरुण मुलं-मुली विमानं पकडून मत द्यायला घरी आली. ६६.४ टक्के लोकांनी होकार दिला. चाळीसपैकी एकोणचाळीस मतदारसंघांत होकार. शेती करणाऱ्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या भागांतही! डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र रंगवलं होतं. त्यावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. कितीतरी चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितली होती. १ जानेवारी २०१९ पासून तिथे बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या इच्छेने गर्भपात करता येतो.

मला या निकालातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९८३ मध्ये ज्यांनी दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं होतं, त्यातल्या कितीतरी जणांनी २०१८ मध्ये ती काढायला मत दिलं असणार, नाहीतर आकडे असे उलटे फिरतेच ना. ही माणसं ३५ वर्षांत जिवाच्या विरोधात गेली का? मला नाही वाटत. त्यांच्या हिशेबात न धरलेला एक जीव त्यांना उशिरा दिसला, एवढंच. आईचा.

हे संपलंय असंही नाही. अमेरिकेत २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७३चा तो हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांनी कडक बंदी घातली. त्यानंतर गर्भ जात असलेल्या, रक्तस्राव होत असलेल्या बायकांना ‘अजून थोडं थांबा’ म्हणून परत पाठवल्याच्या बातम्या तिथून येऊ लागल्या. डॉक्टर आधी वकिलाला विचारतात, मग पेशंटला हात लावतात. गॉलवेच्या दवाखान्यातला तो मंगळवार तिथे पुन्हा पुन्हा येतोय.

“आपल्याकडे बरं आहे बाई,” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आपला कायदा पुष्कळ आधी आला. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत आपल्यालाही गर्भपात गुन्हा ठरवून दिला होता. बायका मग काड्या, जडीबुटी, वैदू यांच्याकडे जायच्या आणि जीव गमवायच्या. हे मृत्यू थांबावेत म्हणून १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. तिच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, म्हणजे अमेरिकेतल्या त्या निकालाच्याही दोन वर्षं आधी. आपल्याकडे हा कायदा बायकांचे जीव वाचवण्यासाठी आला. मग खरी जिवाची बाजू कोणती?

पण आपली गाडी दुसऱ्या रस्त्याने खड्ड्यात गेली. सोनोग्राफी आली आणि मुलीचा गर्भ ओळखून पाडायचा धंदा सुरू झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये देशभराचा कायदा झाला. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ८०७. आकडे बोलतात म्हणतात ते हे असे.

इथे ‘प्रो-चॉइस’ वाल्यांनीही थांबून विचार करावा. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडायला निघालेल्या सुनेची ती ‘निवड’ असते का? सासू डोळे वटारते, नवरा गाडी काढतो, आणि ती मान खाली घालून मागे बसते. तिला विचाराल तर कदाचित म्हणेल, ‘मला ठेवायचीय.’ तिचं ऐकायचं कुणी? आयर्लंडमध्ये सविता ‘मोकळं करा’ म्हणत होती, ऐकलं गेलं नाही. आपल्याकडे कितीतरी जणी ‘राहू द्या’ म्हणतात, तेही ऐकलं जात नाही. दिसायला दोन उलट्या गोष्टी, पण दुखणं एकच. पोट तिचं आणि शब्द दुसऱ्याचा.

आणि यातून आणखी एक घोटाळा झाला. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द पोस्टरवर, पथनाट्यात, शाळेच्या निबंधात इतका घुमला, की गर्भपात म्हणजेच गुन्हा असं लोकांच्या डोक्यात बसलं. औषध दुकानदार गोळ्या ठेवायला कचरायला लागले, काही डॉक्टर नको ती कटकट म्हणून पेशंट टाळायला लागले. बाकड्यावरच्या मावशींची चूक नव्हती; पाटीचा अर्थच तसा पसरलाय. प्रत्यक्षात कायदे दोन आहेत. मुलगा की मुलगी हे बघणं आणि सांगणं हा गुन्हा. पण कायद्यातल्या कारणांसाठी, मान्यताप्राप्त ठिकाणी, नोंदणीकृत तज्ज्ञ डॉक्टरकडून गर्भपात करून घेणं कायदेशीर आहे. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ हे त्यातलंच एक कारण, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित बाईलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं; त्यापुढे चोवीसपर्यंत काही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी दोघांचं. आणि नीट वाचा, अठरा वर्षांवरच्या बाईसाठी संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही सांगितलेली नाही. सासूची तर नाहीच नाही.

जिवाच्या बाजूने असणं म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला आयर्लंड-अमेरिकेला जायची गरज नाही. पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर तरी होती, नाहीतर जन्मलेल्या लेकराचा गळा. फुल्यांनी अशा बायकांना सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणं केली. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ मध्ये स्वतः दत्तक घेतला आणि पुढे डॉक्टर केला. बाईला पापीण म्हटलं नाही, लेकराला पापाची खूण म्हटलं नाही. ट्युअमच्या आश्रमाच्या साठेक वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांनी तोंडाने कुठलं लेबल लावलं नाही, पण मूल आणि आई दोघांनाही पदराखाली घेतलं.

म्हणून कुणी ‘आम्ही जिवाच्या बाजूचे’ म्हटलं, तर मी आता त्याच्याशी भांडत नाही. तीन साध्या गोष्टी विचारते. तुमच्या हिशेबात आईचा जीव धरलाय का? मूल जन्मल्यावर तुम्ही कुठे असाल? आणि हे सगळं ठरवताना तिला विचारलंत का? तिन्हींची उत्तरं नीट देणारा माणूस गर्भपाताच्या विरोधात असला तरी मला तो आपला वाटतो. आणि एकाचंही उत्तर नसेल, तर त्याच्या तोंडचा ‘जीव’ हा शब्द पोकळ आहे.

जाता जाता त्या मुलीचं सांगते. सहीवरून वाद चाललेला ऐकून आतल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टेबलावरच्या बाईंना म्हणाल्या, “सही हिचीच लागते.” मग तिला आत घेऊन, दार लावून, खुर्ची जवळ ओढून विचारलं, “बोल, तुझ्या मनात काय आहे?” पोरगी आधी रडली. मग बोलली. बराच वेळ बोलली. तिने पुढे काय ठरवलं ते मी इथे लिहीत नाही, तो तिचा प्रश्न आहे.

आम्ही बाहेर आलो तर मावशी अजून बाकड्यावरच होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि पाटीचा खरा अर्थ त्यांना समजावून सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही बाई असं.”

तेवढं आपण करू शकतो. बाकड्यावर शेजारी कुणी घाबरून बसलेली दिसली, तर सांगू शकतो. आणि सांगायच्या आधी, विचारू शकतो.